ट्रॅक्टरचे इंजिन दीर्घकाळ टिकावे म्हणून: ऑइलची निवड, धूळ आणि वेळेवरची निगा

विदर्भातल्या कोणत्याही मोठ्या गावात एकाच कंपनीचे, एकाच वर्षी घेतलेले दोन ट्रॅक्टर असे सापडतात, की त्यांपैकी एकाचे इंजिन तीन-चार हजार तासांतच ‘हाफ इंजिन’च्या, म्हणजे पिस्टन-रिंगा बदलण्याच्या, कामासाठी उघडावे लागते आणि दुसरा मात्र आठ हजार तास उलटले तरी धूर न टाकता नांगरटीपासून मळणीपर्यंतची सगळी कामे करीत राहतो. या फरकाचे कारण विचारले तर बहुतेक वेळा ऑइलच्या एखाद्या ब्रँडचे नाव सांगितले जाते. प्रत्यक्षात नामांकित कंपन्यांच्या समान दर्जाच्या अस्सल ऑइलमध्ये शेतकऱ्याला जाणवेल इतका फरक क्वचितच असतो. योग्य ग्रेडचे ऑइल, ते तासांच्या हिशेबाने बदलण्याची शिस्त आणि इंजिनात जाणाऱ्या हवेची स्वच्छता या गोष्टींवर इंजिनाचे आयुष्य ठरते, आणि आपल्या भागात त्यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑइल नेमके काय करते

१८८३ च्या सुमारास ब्यूचॅम्प टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. ऑइल सोडता यावे म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तेव्हा आस फिरू लागताच त्या भोकातून ऑइल आत जाण्याऐवजी बाहेर उसळू लागले. त्याने भोकात बूच ठोकले, तर आतल्या दाबाने बूचही वर ढकलले गेले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने त्यामागचे गणित मांडले: फिरणारा भाग ऑइलला आपल्यासोबत ओढून निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत ढकलतो, तेथे मोठा दाब तयार होतो आणि त्या दाबावर संपूर्ण वजन तरंगते. ट्रॅक्टरच्या इंजिनातला क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, याच नियमाने बुशांवर, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगांवर, फिरतो. इंजिन चालू असताना क्रँक आणि बुश यांचा एकमेकांना स्पर्श होऊ नये, अशीच त्याची रचना असते, कारण मध्ये काही मायक्रॉन जाडीचा ऑइलचा थर असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे ध्यानात घेतले तर त्या थरात शिरलेला बारीकसा कण किती नुकसान करू शकतो, याचा अंदाज येतो.

पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडे) यांच्यामध्ये, तसेच व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या टोकावर हा थर सतत टिकत नाही. पिस्टन वर-खाली जाऊन क्षणभर थांबतो तेथे धातू धातूच्या अगदी जवळ येतो, आणि अशा जागी ऑइलमध्ये मिसळलेली जस्त व फॉस्फरसयुक्त रसायने धातूवर एक संरक्षक पापुद्रा तयार करतात. याशिवाय ऑइल पिस्टनची उष्णता वाहून नेते, जळण्यातून निर्माण होणारी काजळी स्वतःमध्ये विखरून धरते, आम्ल निष्प्रभ करते आणि आतले भाग गंजू देत नाही. ही सगळी कामे करताना त्यातली रसायने हळूहळू खर्च होत जातात. म्हणूनच ऑइलची पातळी पूर्ण असली तरी ते कधीतरी ‘संपते’, आणि वरून नुसती भर घालत राहिल्याने ते नव्यासारखे होत नाही.

डब्यावरचे आकडे

डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेली ही जाडीची श्रेणी आहे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, ते किती जाड राहते ते सांगतो. शेवटी ४० असलेल्या ऑइलची जाडी १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या (जाडी मोजण्याच्या एककाच्या) दरम्यान असावी लागते, तर ५० च्या ऑइलची १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. १५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना घेतली जाते. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तशी थंडीही या चाचण्यांच्या मानाने सौम्यच आहे, म्हणून आपल्याकडे थंडीने ऑइल गोठून इंजिन चालू न होण्याची वेळ येत नाही. तरीही पहाटे पाच-सहा अंशांना पातळ ऑइल वरच्या टॅपेटपर्यंत लवकर पोहोचते आणि जाड ऑइलला अधिक वेळ लागतो, एवढा फरक राहतोच.

उन्हाळ्याबद्दल मात्र एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० सांगितलेले असताना अनेक जण उन्हाळवाहीसाठी मुद्दाम २०डब्ल्यू-५० टाकतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून बांधून ठेवतात. बाहेर ३० अंश असोत किंवा ४६, शीतकरण व्यवस्था धडधाकट असेल तर आतले पाणी साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यानच राहते आणि त्यामुळे ऑइलच्या तापमानातही फार मोठी तफावत पडत नाही. इंजिन बनवणाऱ्याने बुशांमधली फट, ऑइल पंपाची क्षमता आणि फिल्टरची जाळी ठरावीक जाडी धरूनच आखलेली असते. विनाकारण जाड ऑइल टाकले तर ते सुरुवातीला सावकाश पोहोचते, फिल्टरमधून अडत जाते आणि पंपावर भार टाकते. पुस्तिकेतच जास्त तापमानासाठी वेगळी ग्रेड दिली असेल, तर ती अवश्य वापरावी. आपल्या अंदाजाने वापरू नये.

इंजिन तापत असेल तर त्याचे कारण बहुतेक वेळा रेडिएटरवर असते. सोयाबीनच्या मळणीत ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन्‌तास मशीन फिरवतो. त्याला समोरून वाऱ्याचा झोत मिळत नाही आणि मशीनमधून उडणारे कुटार पंख्याच्या ओढीने थेट रेडिएटरच्या जाळीवर जाऊन बसते. मशीन लावतानाच वाऱ्याची दिशा पाहून कुटार ट्रॅक्टरकडे उडणार नाही अशी मांडणी करणे आणि दर दोन-तीन तासांनी इंजिन बंद करून जाळी मऊ ब्रशने झाडणे, हे जाड ऑइलपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

जाडीइतकाच महत्त्वाचा दुसरा निर्देश म्हणजे दर्जा. अमेरिकेच्या एपीआय या संस्थेच्या पद्धतीत डिझेल इंजिनांच्या ऑइलचा दर्जा ‘सी’ने आणि पेट्रोल इंजिनांच्या ऑइलचा ‘एस’ने सुरू होतो. त्यापुढचे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा सामान्यतः नवा आणि अधिक कसाचा. सीएच-४ हा दर्जा १९९८ मध्ये, सीआय-४ हा २००२ मध्ये आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस आला. सीडी, सीएफ-४ यांसारखे जुने दर्जे एपीआयने कालबाह्य ठरवले आहेत, तरी आठवडी बाजाराच्या गावात त्या दर्जाचे स्वस्त डबे अजूनही दिसतात. वीस वर्षांपूर्वीच्या साध्या ट्रॅक्टरला सीआय-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४० ऑइल निर्धोक चालते आणि ते जुन्या दर्जापेक्षा काजळी चांगली सांभाळते. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आहेत, आणि त्यांपैकी ज्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यांना कमी राख सोडणारे ऑइलच लागते. तेथे जुने ऑइल टाकले तर राखेने तो महागडा फिल्टर भरत जातो, म्हणून अशा ट्रॅक्टरच्या बाबतीत पुस्तिकेपासून एक पाऊलही इकडे-तिकडे जाऊ नये.

मिनरल, सेमी-सिंथेटिक आणि सिंथेटिक यांच्यातील फरक मूळ तेल किती शुद्ध आणि किती एकसारख्या रेणूंचे आहे यात आहे. सिंथेटिक ऑइल उष्णतेने उशिरा खराब होते, हे खरे आहे आणि टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या इंजिनाला त्याचा लाभ मिळतो. परंतु साध्या ट्रॅक्टरमध्ये सिंथेटिक टाकून बदलण्याची मुदत दुप्पट करणे धोक्याचे आहे, कारण धूळ, काजळी आणि डिझेलची भेसळ या गोष्टी ऑइलच्या किमतीकडे पाहून थांबत नाहीत.

मोटारसायकलचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. तिच्यात इंजिन, गिअर आणि क्लचच्या प्लेटा एकाच ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात आणि त्यांमुळे क्लच घसरू लागतो. ॲक्सिलरेटर वाढवला की आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. म्हणून डब्यावर जपानी मानकाचे जासो एमए किंवा एमए-२ हे चिन्ह पाहूनच ऑइल घ्यावे. गिअर नसलेल्या स्कूटरला एमबी चालते. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते आणि ते फार पातळ वाटले तरी तेच टाकावे. या गाड्यांत एकूण ऑइलच सुमारे एक लिटर किंवा त्याहून कमी असते. त्यातले दोनशे मिलिलिटर जळून गेले तर पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक ऑइल गेले असा त्याचा अर्थ होतो, म्हणून दोन सर्व्हिसच्या मध्ये एक-दोनदा पातळी पाहणे आवश्यक आहे.

धूळ: इंजिनाचा खरा शत्रू

साधारण २.७ लिटर क्षमतेचे ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालत असेल तर ते दर मिनिटाला दोन हजार लिटरहून अधिक, म्हणजे तासाला सव्वा लाख लिटरच्या आसपास हवा ओढते. मार्च ते मे या काळात रोटावेटर चालवताना काळ्या मातीच्या वावरात, किंवा मुरमाच्या पांदण रस्त्यावर ट्रॉली ओढताना, ही सगळी हवा धुळीने भरलेली असते. धुळीतील क्वार्ट्झचे कण ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. एअर क्लीनर चुकवून आत गेलेली धूळ प्रथम रिंगा आणि लायनर घासते आणि नंतर ऑइलमध्ये उतरून तेच ऑइल घेऊन क्रँकच्या बुशांपर्यंत पोहोचते. पाच ते वीस मायक्रॉनचे कण सर्वांत घातक, कारण ऑइलच्या थरात शिरण्याइतके ते बारीक असतात आणि दोन्ही बाजूंचा धातू खरवडण्याइतके मोठे. धुळीची हवा थेट ओढणारे इंजिन एका हंगामातच खूप झिजू शकते, आणि त्यानंतर कितीही महाग ऑइल टाकले तरी घासलेला लायनर भरून येत नाही.

जुन्या ट्रॅक्टरमध्ये ऑइल बाथ पद्धतीचा एअर क्लीनर असतो. त्याच्या तळाच्या वाटीत खुणेपर्यंत ऑइल भरलेले असते, हवा त्यावर आपटून वळते आणि धूळ त्यात बसते. धुळीच्या कामात ही वाटी रोज संध्याकाळी उघडून पाहावी. तळाशी चिखलाचा जाड थर साचला असेल तर ऑइल फेकून, वाटी डिझेलने धुऊन व पुसून, खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरणे ही काळजी नसून धोका आहे, कारण जास्तीचे ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि डिझेल इंजिन त्याच ऑइलवर बेफाम पळू शकते. वाटीत जळके ऑइल वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ते जाड व काजळीने भरलेले असल्याने धूळ नीट पकडत नाही, म्हणून ती सोडावी.

नव्या ट्रॅक्टरमध्ये कागदी फिल्टर असतो आणि त्याच्या आत दुसरा लहान सुरक्षा फिल्टर असतो. कागदी फिल्टर टायरवर किंवा दगडावर आपटून झाडण्याची सवय फार नुकसान करते, कारण त्याच्या कडेचे रबर वाकते आणि घड्या फाटतात. हवा मारायची असेल तर आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने आणि नळी दूर धरून मारावी. पंक्चरच्या दुकानातला पूर्ण दाबाचा झोत जवळून मारला तर कागदात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. आतला सुरक्षा फिल्टर झाडायचा नसतो, ठरलेल्या वेळी बदलायचाच असतो. फिल्टर भरल्याचा दिवा किंवा निर्देशक असेल तर तो लागण्यापूर्वी फिल्टर वारंवार काढूही नये, कारण प्रत्येक वेळी काढताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडते.

फिल्टर उत्तम असूनही धूळ आत जात आहे का, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. इंजिन बंद आणि थंड असताना, बोनेट बाहेरून पुसून घेऊन, एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीची पट्टी ढिली करावी, नळी काढावी आणि बोटाला पांढरे स्वच्छ फडके गुंडाळून नळीच्या आतल्या बाजूने फिरवावे. फडके स्वच्छ निघाले तर प्रश्नच नाही. त्यावर करड्या किंवा तांबूस धुळीची रेघ उमटली तर फिल्टर फाटलेला आहे, त्याचे रबर बसत नाही, नळीला चीर आहे किंवा पट्टी ढिली आहे. नळी वाकवून तिच्या घड्यांमध्ये चिरा पाहाव्यात. उन्हाने कडक झालेले रबर नेमके तेथेच फाटते. पाहणी झाल्यावर नळी पुन्हा घट्ट बसवावी आणि पट्टी आवळल्याची खात्री करावी. दरवर्षी रब्बीनंतर, उन्हाळी कामे सुरू होण्यापूर्वी, एकदा तरी हे करावे. एका नळीची किंमत आणि लायनर-पिस्टनच्या संचाची किंमत यांची तुलना ज्याने एकदा बिलावर पाहिली आहे, त्याला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

कधी बदलावे

मोटारसायकलचा हिशेब किलोमीटरचा, ट्रॅक्टरचा मात्र तासांचा. नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल बहुधा ५० तासांनी बदलायचे असते, कारण नवे भाग एकमेकांत बसताना बारीक धातू झडतो. पुढे अनेक मॉडेलांत २५० तासांची मुदत दिलेली असते, काहींत कमी तर काहींत जास्त. मळणीच्या हंगामात दिवसाला दहा तास चालणाऱ्या ट्रॅक्टरचे २५० तास अवघ्या पंचवीस दिवसांत पूर्ण होतात, म्हणून ‘वर्षातून एकदा, पोळ्याच्या आधी’ हा ठोकताळा भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरला अजिबात लागू पडत नाही. उलट जो ट्रॅक्टर वर्षभरात शंभर तासही चालत नाही, त्याचेही ऑइल वर्षातून एकदा बदलावे, कारण उभ्या इंजिनात दमटपणा आणि आम्ल साचते.

जुन्या केबलवर चालणाऱ्या आवर मीटरबद्दल (इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरबद्दल) एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. असे मीटर इंजिनाच्या फेऱ्या मोजते आणि ठरावीक फेऱ्यांवर चालवले तरच घड्याळाच्या तासाइतका तास दाखवते. कमी फेऱ्यांवर चाललेल्या कामाचे तास ते कमी मोजते, आणि केबल तुटली तर काहीच मोजत नाही. मीटर बंद असलेल्या ट्रॅक्टरमध्ये वापरलेल्या डिझेलची वही ठेवणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. आपल्या ट्रॅक्टरला तासाला सरासरी किती डिझेल लागते हे एकदा कळले की लिटरवरून तास काढता येतात.

ऑइल काळे पडले म्हणजे खराब झाले, ही समजूत डिझेल इंजिनाच्या बाबतीत चुकीची आहे. नवे ऑइल काही तासांतच काळे होते, कारण ते काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवते आणि तेच त्याचे काम आहे. महत्त्वाचे हे आहे, की ती काजळी अजून विखुरलेली आहे की गोळा होऊ लागली आहे. त्यासाठी गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरून (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरून) एक थेंब पांढऱ्या टीपकागदावर सोडावा आणि कागद रात्रभर आडवा, खालून काही न टेकता ठेवावा. सकाळी डाग मध्यापासून कडेपर्यंत सारखा करडा पसरलेला दिसला तर ऑइलमध्ये अजून कस आहे. मध्ये दाट काळा ठिपका, त्याची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट आणि भोवती फिकट कडे दिसले, तर ऑइलने काजळी धरणे सोडले आहे आणि ते ताबडतोब बदलावे. बाहेरच्या बाजूला पातळ, पिवळसर, रुंद वलय असेल तर डिझेल मिसळत असल्याची शंका घ्यावी, आणि कड दातेरी असेल तर पाण्याची. हा डाग प्रयोगशाळेतल्या तपासणीची जागा घेत नाही, पण नवे ऑइल टाकल्यापासून दर पन्नास तासांनी असे डाग त्याच वहीत जपले तर आपल्या इंजिनाचे ऑइल कधी थकते, हे डोळ्यांना दिसू लागते.

पातळी रोज सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन चालू करण्यापूर्वी पाहावी. पातळी कमी होणे सर्वांना कळते. ती वाढणे अधिक गंभीर असते, कारण ऑइल आपोआप वाढत नाही. फीड पंपाचा पडदा फाटला किंवा इंजेक्टर गळू लागला तर डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बुश खराब होतात. डिपस्टिकवर दुधी, फेसाळ ऑइल दिसले तर हेड गॅस्केटमधून किंवा लायनरच्या रबरी रिंगांमधून पाणी येत आहे असे समजून इंजिन चालू न करता मिस्त्रीला बोलवावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही टाळावे, कारण क्रँक त्यात आपटून फेस होतो आणि फेस भार पेलत नाही. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा चालू इंजिनात लागला तर ‘घरापर्यंत नेऊ’ असा विचार न करता तेथेच, धुऱ्यावर का होईना, इंजिन बंद करावे.

ऑइल काढताना इंजिन गरम असावे, म्हणजे तळाचा गाळ त्यासोबत निघतो. दरवेळी ऑइल फिल्टरही बदलावा. फिल्टर पूर्ण भरला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल सरळ बुशांकडे जाते. असे असूनही नव्या ऑइलसोबत जुना फिल्टर ठेवून पैसे वाचवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते, आणि ती मला फार खटकते. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावून तो हाताने आवळावा आणि इंजिन दोन मिनिटे चालवून बंद केल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

चालवण्याच्या सवयींबद्दल थोडक्यात सांगायचे तर, चालू केल्याबरोबर रेस देऊ नये. ऑइलचा दाब येईपर्यंत अर्धा-एक मिनिट हळू चालू द्यावे आणि पुढे हलक्या कामाने इंजिन तापू द्यावे. जड कामानंतर, विशेषतः टर्बोच्या ट्रॅक्टरमध्ये, दोन-तीन मिनिटे कमी फेऱ्यांवर ठेवूनच बंद करावे, नाहीतर लाल तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये थांबलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. पेरणीनंतर ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर तो उभा करण्यापूर्वी ऑइल बदलावे, कारण जुन्या ऑइलमधले आम्ल तेवढा काळ बुशांना चिकटून राहते.

खरेदी आणि जुने ऑइल

नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके किंवा गाळलेले जुने ऑइल भरून विकण्याचे प्रकार ग्रामीण बाजारात घडतात. डबा अधिकृत विक्रेत्याकडून आणि पक्क्या बिलावरच घ्यावा, झाकणाचे सील अखंड असावे आणि बॅच क्रमांक व तारीख खोडलेली नसावी. सुटे ऑइल पिंपातून घेऊ नये. आपण वापरलेला डबा भंगारात देण्यापूर्वी त्याच्या तोंडाजवळ खिळ्याने दोन-तीन भोके पाडावीत, म्हणजे तो पुन्हा भरला जात नाही. धूर कमी करण्यासाठी ऑइलमध्ये ओतायची जी दाट द्रव्ये दुकानात मिळतात, ती घासलेल्या रिंगांची दुरुस्ती करीत नाहीत. निळसर धूर काही दिवस झाकतात आणि मालकाचा दुरुस्तीचा निर्णय लांबवतात.

काढलेले जुने ऑइल धुऱ्यावरच्या गवतावर ओतणे, लाकडाला उधई लागू नये म्हणून फासणे किंवा गोचिडांसाठी गुरांच्या अंगाला लावणे हे गावोगाव चालते. त्या ऑइलमध्ये जड धातू आणि कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी संयुगे असतात, म्हणून ते जनावराच्या अंगाला तर कधीच लावू नये आणि विहिरीजवळच्या जमिनीत मुरू देऊ नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित आहे. शेतकऱ्याने त्यासाठी एक झाकणाचा डबा वेगळा ठेवावा, त्यावर ‘जुने ऑइल’ असे ठळक लिहावे आणि तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरवर जाताना तो सोबत न्यावा; त्यात पाणी, थिनर किंवा फवारणीच्या औषधाचा थेंबही मिसळू देऊ नये, कारण तसे झाल्यास ते पुन्हा शुद्ध करणे अवघड होते.